लिफ्ट केलेल्या गाडीचे बॉल जॉइंट: प्ले कुठे शोधायचा, कसा मोजायचा

दोन इंचांची लिफ्ट, म्हणजे गाडी तेवढी उंच करणं, खाली रुंद टायर, आणि काही महिन्यांनी समोरून ‘टक्’. इंदूरजवळचा जानापावचा चढ किंवा चोरलकडची कच्ची वाट नेहमीची असेल तर हा आवाज जरा लवकरच ऐकू येतो. मग गाडी गॅरेजमध्ये जाते, मिस्त्री चेसिसखाली जॅक लावतो, चाक वर-खाली धरून दोनदा हलवतो आणि सांगतो, ‘‘सब टाइट है, साब.’’ तो खोटं बोलत नसतो. त्या स्थितीत बॉल जॉइंट, म्हणजे सस्पेन्शनच्या आर्मला चाकाकडचा भाग जोडणारा गोळा-वाटीचा सांधा, खरोखरच घट्ट लागतो. चूक जॅकच्या जागेत असते. लिफ्ट केलेल्या गाडीत ती चूक दुप्पट महाग पडते, कारण लटकत्या चाकाच्या स्थितीत बॉल जॉइंटचा स्टड (गोळ्याची दांडी) आपल्या फिरण्याच्या टोकाला जाऊन अडकलेला असतो आणि अडकलेल्या जॉइंटला प्ले, म्हणजे सैलपणा, दिसत नाही.

आधी खाली वाकून पाहा

प्रत्येक फोर-बाय-फोरला पुढे बॉल जॉइंट असतातच असं नाही. जिप्सी आणि जिम्नीला पुढेही सलग अ‍ॅक्सल आहे आणि नकल (चाकाचा हब धरून वळणारा भाग) किंग पिन बेअरिंगवर फिरतं. तिथे बॉल जॉइंट शोधत बसू नका, बेअरिंगची शिम (फट भरणारी पातळ चकती) आणि तेलसील तपासा. रँग्लरला सलग अ‍ॅक्सल असूनही नकलला वर-खाली बॉल जॉइंट आहेत. २०२० नंतरची थार, व्ही-क्रॉस, हायलक्स, फॉर्च्युनर यांना पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे वर-खाली दोन आर्म आणि प्रत्येक बाजूला एक अपर आणि एक लोअर जॉइंट. हा लेख मुख्यतः याच रचनेसाठी आहे.

दुसरी गोष्ट: स्प्रिंग कोणत्या आर्मवर बसली आहे? गाडीचं वजन त्याच आर्मच्या जॉइंटमधून चाकात उतरतं. वरच्या गाड्यांत कॉइल स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर एकत्र असून खालचं टोक लोअर आर्मवर आहे, म्हणजे ओझं लोअर जॉइंटवर. अपर जॉइंट फक्त नकलला जागेवर धरतो. २०१०ची जुनी थार किंवा दुसरी टॉर्शन बारची (स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी सळई असलेली) गाडी असेल तर अंदाज करू नका. बार हाताने चाचपत पुढे या आणि तो अपर आर्मला जोडलाय की लोअर, ते डोळ्यांनी पाहा. सगळी तपासणी यावर ठरते.

लोअर जॉइंटचा स्टड कोणत्या दिशेला तोंड करून आहे तेही पाहून ठेवा. जॉइंटची वाटी लोअर आर्ममध्ये आणि स्टड वर नकलमध्ये गेला असेल, तर स्प्रिंग आर्मला खाली ढकलते, जमीन नकलला वर ढकलते, आणि स्टड वाटीतून उपटला जाण्याच्या दिशेने सतत ओढला जातो. असा जॉइंट फार झिजला की एक दिवस निसटतो आणि चाक फेंडरमध्ये आडवं होतं. स्टड खाली जाऊन नकलमध्ये बसला असेल तर वजनाने तो वाटीत दाबलेला राहतो. झिजतो तोही, पण आधी बराच काळ आवाज करतो. पहिल्या प्रकारात थोड्या प्लेवरही गाडी उभी करायची, दुसऱ्यात सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते.

लिफ्टमुळे जॉइंट लवकर का जातो

उंची वाढवली की दोन्ही आर्म बाहेरच्या टोकाला खाली झुकतात. कंपनीने स्टडचा मधला कोन गाडीच्या मूळ उंचीसाठी ठरवलेला असतो. आता तो रोजच्या चालण्यातच एका बाजूला कलतो. खड्ड्यात चाक खाली सुटलं की उरलेली वाट संपते आणि स्टडची मान वाटीच्या काठावर आपटते. ही मार बहुतेक वेळा अपर जॉइंटला बसते, कारण अपर आर्म आखूड असतो आणि त्याचा कोन जास्त बदलतो. बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, एका बाजूला चिमटला जातो, दुसऱ्या बाजूला ताणला जातो, आणि चिमटलेल्या घडीतच फाटतो.

लोअर जॉइंटचं दुखणं वेगळं. मोठे टायर जड असतात, आणि चाक बाहेर काढणारी कमी ऑफसेटची रिम किंवा व्हील स्पेसर लावला की जमिनीवरच्या धक्क्याचा हात लांब होतो. प्रत्येक ब्रेक, प्रत्येक दगड त्या लांब हाताने जॉइंटला पिळतो. मानपूरचा घाट उतरताना पाय ब्रेकवरच असतो, तेव्हा हे पिळणं सलग चालतं.

त्यात आपली माळव्याची काळी माती. ती ओली असताना बुटाच्या घडीत भरते, वाळली की विटेसारखी होते आणि पुढच्या वळणावर रबर कापते. शिवाय ती चीर झाकूनही टाकते. म्हणून गाडी न धुता बॉल जॉइंट तपासला असं कुणी सांगितलं, तर तो तपासलाच नाही असं समजा.

काय काय लागेल

• ३ टनांचा ट्रॉली जॅक, लिफ्टच्या उंचीला पुरणारा. जॅकखाली विटा रचून उंची वाढवायची नाही.
• चेसिससाठी दोन सपोर्ट स्टँड, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (अडकण).
• तीन-चार फुटांची सब्बल किंवा मोठी टॉमी, आणि एक लाकडी ठोकळा.
• मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, ०.०१ मिमी वाचणारा. नसेल तर गॅरेजमध्ये मागा, इंजिनकाम करणाऱ्याकडे असतोच.
• टेप, टॉर्च, खडू, पाण्याची फवारणी बाटली, आणि एक मदतनीस.

एक काम मात्र आधी करू नका: ग्रीसिंग. निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेल्या जॉइंटमध्ये ताजं ग्रीस भरलं की फट भरते, आवाज चार-आठ दिवस गायब होतो आणि तुमचं मोजमाप खोटं ठरतं. आधी मोजा, मग ग्रीस भरा.

जॅक लावण्याआधी

सपाट, टणक जागेवर गाडी उभी करा, स्टिअरिंग सरळ, टायरची हवा नेहमीची. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजून लिहा. पुढच्या डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लिफ्टच सारखी बसलेली नाही, आणि ज्या बाजूचा जॉइंट आधी गेला ती बहुधा उंच बाजू निघेल. हे आकडे पुढे लागणार आहेत.

आता टायरवर हात फिरवा. बॉल जॉइंट सैल असला की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) चालताना बदलत राहतो, त्यामुळे आतली किंवा बाहेरची कड झिजते आणि टायरच्या नक्षीतल्या ब्लॉकच्या कडा एका दिशेने हात फिरवताना गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारख्या लागतात. पण लिफ्टनंतर अलाइनमेंट केलेलीच नसेल तरी टायर असाच झिजतो. टायर फक्त संशय देतो.

मग कोरडी चाचणी. मदतनीस इंजिन चालू ठेवून गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, स्टिअरिंग दोन-तीन इंच डावी-उजवीकडे झपाट्याने हलवतो. तुम्ही बाजूने हात घालून एक बोट जॉइंटच्या वाटीवर आणि त्याला लागून नकलवर, असं दोन्हींवर एकाच वेळी टेकवा. दोन भाग एकत्र हलले तर ठीक. बोटाखाली पायरी जाणवली, एक आधी आणि दुसरा नंतर हलला, तर प्ले तिथेच आहे. हीच युक्ती टाय रॉड एंडवर (स्टिअरिंगची दांडी नकलला जोडणारा सांधा), स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडवर आणि स्टिअरिंग रॅकच्या टोकावर करा. कानाला आवाज कुठूनही आल्यासारखा वाटतो, बोट सहसा फसत नाही.

चरचर किंवा कुरकुर असेल तर पाणी मारा, एका वेळी एकाच जागी. आर्मच्या रबरी बुशवर (आर्म चेसिसला जिथे जोडतो तिथलं रबर) पाणी पडल्यावर आवाज थांबला तर गुन्हेगार बुश. जॉइंटवर पाणी मारून काही फरक पडला नाही आणि वळताना आवाज चालूच, तर बहुधा आत ग्रीस उरलेलं नाही.

जॅकची जागा

स्प्रिंग लोअर आर्मवर असेल तर जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितकं जवळ नेता येईल तितकं. स्प्रिंगचं ओझं आता जॅक पेलतो, जॉइंट मोकळा होतो, आणि आर्म जवळपास चालत्या उंचीलाच राहतो. टायर जमिनीपासून २०-३० मिमी सुटला की थांबा. फेंडरचं अंतर पुन्हा मोजा आणि आधीच्या आकड्याच्या आसपास आहे का पाहा. फार वाढलं असेल तर जॅक आतल्या बाजूला लागलाय आणि आर्म लटकतोय.

इथे लिफ्टची अडचण अशी, की झुकलेल्या आर्मवर जॅकची थाळी तिरकी बसते आणि घसरते. आर्मच्या उतारात बसेल असा पाचरीसारखा लाकडी तुकडा थाळीवर ठेवा. तरीही सपोर्ट स्टँड चेसिसखाली, दोन-तीन बोटं खाली सोडून, उभा असलाच पाहिजे. तो वजन घेण्यासाठी नाही, जॅक सुटला तर गाडी अंगावर येऊ नये म्हणून.

चेसिसखाली जॅक लावल्यावर नक्की काय बिघडतं? टॉर्शन बारच्या गाडीत बार आर्मला पूर्ण ताकदीने खालच्या स्टॉपवर दाबून धरतो आणि तो दाब जॉइंटमधूनच जातो. बार पिळून उंची वाढवली असेल तर दाब आणखी मोठा. तिथे प्ले असूनही हाताला लागत नाही. कॉइल-ओव्हर, म्हणजे शॉकभोवतीच स्प्रिंग असलेल्या, गाडीत स्प्रिंग शॉकमध्येच अडकलेली असते, त्यामुळे जॉइंटवर फक्त चाकाचं वजन उरतं. पण उंचीसाठी शॉकच्या वर स्पेसर लावलेला असेल तर आर्म मूळ टोकापेक्षाही खाली गेलेला असतो, अपर जॉइंटचा स्टड काठाला टेकतो आणि झिजलेली जागा रिकामी राहूनही चाक घट्ट वाटतं.

टॉर्शन बार अपर आर्मला असेल तर पद्धत उलटी. गाडी जमिनीवर असतानाच अपर आर्म आणि चेसिस यांच्यात लाकडी ठोकळा घट्ट बसवा, मग चेसिसखाली जॅक लावा. आर्म चालत्या उंचीला राहतो आणि वजनाचा अपर जॉइंट मोकळा होतो. सलग अ‍ॅक्सल असेल तर जॅक अ‍ॅक्सलखाली, नकलच्या जवळ. तिथे फार विचार करायचा नाही.

हलवण्याचा क्रम

पहिल्यांदा सब्बल टायरखाली घालून चाक सरळ वर उचला आणि सोडा. मदतनीसाची नजर टायरवर नको, लोअर आर्म आणि नकल यांच्यामधल्या फटीवर हवी. फट उघड-मीट करते का, एवढंच पाहायचं. सब्बल जोराने तोलू नका, चांगल्या जॉइंटमध्येही आतलं प्लास्टिक थोडं दबतं. वजनाच्या जॉइंटचा उभा प्ले यात दिसतो.

नंतर चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून आत-बाहेर. हलत असेल तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेकने हब आणि नकल एकत्र बांधले जातात. प्ले गेला तर हब बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा आर्मचा बुश. ही एक चाचणी न केल्यामुळे भरपूर चांगले बॉल जॉइंट भंगारात गेले आहेत. ब्रेक दाबलेलाच ठेवून अपर जॉइंटकडे पाहा, मग लोअरकडे, मग आर्मच्या आतल्या बुशांकडे. जो भाग शेजाऱ्याला सोडून हलतो तो सैल.

३ आणि ९ वर धरून हलवलं आणि प्ले फक्त तिथेच मिळाला, तर टाय रॉड एंड किंवा रॅक. बॉल जॉइंटला हात लावायचं कारण नाही.

हे सगळं स्टिअरिंग सरळ ठेवून एकदा आणि अर्ध्या वळणावर दोन्ही बाजूंना एकदा करा. स्टड सर्वांत जास्त सरळ स्थितीत घासतो, म्हणून प्ले तिथेच जास्त सापडतो. सरळ स्थितीत सैल आणि वळवल्यावर घट्ट लागला तर ती झीजच आहे, ‘‘वळवल्यावर ठीक वाटतंय’’ म्हणून सोडून देऊ नका.

आकडा काढा

‘थोडा प्ले आहे’ या वाक्याचा उपयोग नाही. डायल गेजचा मॅग्नेट लोअर आर्मवर बसवा, सुई नकलवर स्टडच्या शक्य तितकी जवळ आणि स्टडला समांतर टेकवा. शून्य करा, सब्बलने उचला, वाचा. तीनदा करा, तिन्ही वाचनं जवळपास सारखी आली नाहीत तर स्टँड हलतोय.

मर्यादा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलची. बऱ्याच जुन्या रचनांत वजनाच्या जॉइंटला सव्वा मिमीपर्यंत उभा प्ले चालतो, तर आजच्या अनेक सीलबंद जॉइंटना हाताला जाणवेल इतकाही प्ले चालत नाही. वजन न पेलणाऱ्या अपर जॉइंटला आम्ही जाणवण्याजोगा प्ले मान्यच करत नाही.

टायरवर मोजून जॉइंटचा आकडा ठरवू नका. समजा टायर २६५/७० आर १६ आहे. त्याचा व्यास साधारण ७७७ मिमी, म्हणजे त्रिज्या ३८९. लोअर जॉइंट चाकाच्या मध्यापासून १०० मिमी खाली आणि दोन जॉइंटमधलं अंतर २०० मिमी धरलं, तर अपर जॉइंटचा १ मिमी प्ले टायरच्या माथ्यावर जवळजवळ अडीच मिमी दिसतो. ज्या गाड्यांत अपर जॉइंट टायरच्या वरच्या काठाजवळ नेलेला असतो, तिथे हेच प्रमाण बरंच खाली येतं. म्हणून एका गाडीवरचा ‘हाताचा अंदाज’ दुसऱ्या गाडीवर चालत नाही.

गेज मिळालाच नाही तर वाटी आणि नकल यांच्यावर खडूने एक सरळ रेघ ओढा आणि सब्बल वापरताना मोबाइलवर जवळून व्हिडिओ काढा. सावकाश चालवून पाहिला की रेघ तुटताना दिसते. आकडा मिळत नाही, पण वाद मिटतो.

आवाज करणारे बाकीचे

स्टॅबिलायझरची लिंक रॉड लिफ्टनंतर तिरकी होते आणि बॉल जॉइंटसारखाच ‘टक्’ करते. दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून बांधून ठेवा आणि कॉलनीतल्या स्पीड ब्रेकरवरून १० च्या वेगाने जा. आवाज गेला तर शोध संपला. लिंक सोडलेल्या गाडीने हायवेवर मात्र जाऊ नका, वळणावर ती झुकते. रिव्हर्समध्ये येताना ब्रेक मारल्यावर एकच जाड ‘धप्’ येत असेल तर लोअर आर्मच्या बुशकडे आधी पाहा. शॉकच्या वरच्या माउंटचा आवाज बॉनेट उघडून हात ठेवला की कळतो.

आणखी एक आवाज फक्त लिफ्टवाल्यांचा. खड्ड्यात चाक सुटताना अपर आर्म कॉइल स्प्रिंगला किंवा तिच्या वाटीला टेकतो. आर्मच्या आतल्या कडेवर रंग उडून चकचकीत पट्टा दिसतो का पाहा. तिथे जॉइंट नवा टाकून आवाज जाणार नाही.

जॉइंट गेला, पण का गेला

जुना जॉइंट निघाल्यावर फेकू नका. स्टड बोटांनी फिरवा: चांगला जॉइंट जड पण एकसारखा फिरतो, गेलेला स्वतःच्या वजनाने पडतो किंवा मध्येच खाचेत अडकतो. नंतर बूट बाजूला करून स्टडची मान पाहा. मानेच्या एकाच बाजूला चंद्रकोरीसारखा चकचकीत घाव असेल तर स्टड वाटीच्या काठावर आपटत होता. म्हणजे दोष जॉइंटच्या दर्जाचा नाही, कोनाचा आहे, आणि महागडा जॉइंटही त्याच वाटेने जाईल. इलाज दोनच: उंची कमी करा, किंवा जॉइंटचा कोन सुधारून दिलेला अपर आर्म लावा. मान स्वच्छ आहे, पण आत गंजाचं तपकिरी पाणी आणि वाळू, तर बूट आधी फाटला. मान आणि बूट दोन्ही ठीक, पण वाटी एका बाजूला खाल्लेली, तर रिमचा ऑफसेट आणि टायरचं वजन यांच्याकडे बोट दाखवा.

कोन तपासायची सोपी रीत अशी. नवा जॉइंट बसवल्यावर आता मुद्दाम चेसिसखाली जॅक लावून चाक पूर्ण लटकू द्या, आणि टॉर्चने स्टडची मान व वाटीचा काठ यांच्यातली फट पाहा. फट उरली पाहिजे. नसेल तर गाडी गॅरेजबाहेर काढायच्या आधीच तो प्रश्न सोडवा.

फाटलेला बूट पण प्ले शून्य, अशी स्थितीही येते. पावसाळा तोंडावर असेल तर थांबून फायदा नाही. पाणी आत गेलेला जॉइंट ग्रीस भरून परत चांगला होत नाही.

बसवताना

टॉर्शन बारचा किंवा स्प्रिंगचा दाब आर्मवर असताना जॉइंटचा नट पूर्ण काढायचा नाही. आर्म जॅकने धरून ठेवा. टेपर (स्टडचा निमुळता भाग) सोडवायला काट्यासारखी पाचर ठोकली तर बूट फाटतो, म्हणून पुलर वापरा, किंवा नकलच्या कानावर बाजूने हातोडा मारा. नव्या स्टडचा टेपर कोरडा आणि स्वच्छ बसवा, ग्रीस लावायचं नाही. कासल नट (माथ्याला खाचा असलेला नट) मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळा, आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढेच न्या, मागे कधीही नाही. स्प्लिट पिन नवीच हवी. आर्मच्या बुशचे बोल्ट सोडले असतील तर शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर ठेवून, लिहून ठेवलेल्या उंचीला करा, नाहीतर बुश पिळलेलेच राहतात आणि वर्षभरात फाटतात.

निपल असेल तर लिथियम ईपी (जास्त दाब सोसणारं) ग्रीस दोन-तीन दाब, बूट किंचित फुगेपर्यंत. जास्त भरलं की बुटाची कड उचकटते आणि तिथूनच माती शिरते. त्याच दिवशी कॅम्बर, कास्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल), टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) मोजून घ्या. अलाइनमेंटवाल्याला फक्त टो करून सोडू देऊ नका, लिफ्टमध्ये पहिला मार कास्टरला बसतो. ५०० किलोमीटरनंतर जॅक पुन्हा लोअर आर्मखाली लावून गेजचं वाचन घ्या आणि पहिल्या कागदावर जुन्या वाचनाशेजारी लिहून ठेवा. पावसाळ्यात चिखलातून आल्यावर त्याच रात्री बूट पाण्याने धुवा, सकाळपर्यंत काळी माती वाळू देऊ नका. उच्च दाबाचं नोझल बुटाच्या कडेवर मारू नका, ते पाणी आत ढकलतं.